कोण येत नाहीये? छोटा कार्यक्रम सगळ्यांसाठी उघडताना

२०२२च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, महाराष्ट्रातले कोरोनाचे उरलेसुरले निर्बंध उठले आणि सभागृहांच्या तारखांसाठी पुन्हा चढाओढ सुरू झाली. वाचनकट्टे, भजनी मंडळं, हौशी नाट्यसंस्था, सोसायटीची सांस्कृतिक समिती, सगळे एकदम कामाला लागले. दोन वर्षांचा उपास होता, त्यामुळे ते साहजिकच. पण त्या धांदलीत एक गोष्ट हातची गेली. टाळेबंदीत झूमवर आणि यूट्यूबवर जे कार्यक्रम झाले, त्यांना अशी माणसं हजर असायची जी त्याआधी सभागृहात फारशी दिसत नव्हती. जिना चढायचं सोडलेल्या आजी. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना टाकून संध्याकाळी बाहेर पडता न येणारी सून. व्हीलचेअरवरचा कॉलेजातला मुलगा. साडेसातला शेवटची एसटी सुटते अशा गावातले शिक्षक. सभागृहं उघडली, लिंक बंद झाली आणि ही मंडळी परत घरी बसली.

पहिल्यांदाच एखादा कार्यक्रम अंगावर घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर आहे साठ-ऐंशी माणसांची गाण्याची बैठक, कवितावाचन, एकांकिका किंवा मंडळाचं स्नेहसंमेलन. मोठ्या महोत्सवाकडे पैसा आणि माणसं असतात. आपल्याकडे चार उत्साही कार्यकर्ते, भाड्याचा साउंड आणि कुणाच्या तरी घरून आलेला चहा असतो. तेवढ्यातही पुष्कळ करता येतं, फक्त ते आधी करावं लागतं. माणूस येणार की नाही हे सभागृहाच्या दारात ठरत नाही, निमंत्रण वाचल्यावर घरीच ठरतं. म्हणून खालचा क्रम त्याच्या वाटेनेच लावलाय: घरून निघण्यापासून घरी पोचण्यापर्यंत.

१. पहिली यादी न येणाऱ्यांची

समितीची पहिली बैठक कलाकार कोण यावर सुरू होते. ती या यादीवर सुरू करा. २०२०च्या आधी नेमाने येणारे आणि आता न दिसणारे कोण? ऑनलाइन कार्यक्रमांना नेहमी असायचे आणि प्रत्यक्षात कधीच नाहीत, असे कोण? जुनी हजेरीवही, व्हॉट्सअ‍ॅपचा गट आणि कार्यकर्त्यांची आठवण एवढ्यावर पंधरा-वीस नावं सहज निघतात.

मग फोन. ‘तुम्ही येत का नाही?’ असं विचारलं तर समोरचा माणूस सफाई देऊ लागतो. ‘यायचं म्हटलं तर अडचण कशाची होते?’ असं विचारा. पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही हो, आता होत नाही’ किंवा ‘कशाला तुम्हाला त्रास’ असंच येतं. तिथे फोन ठेवू नका. जिना का, रिक्षा का, रात्रीची वेळ का, गर्दीची भीती का, ऐकू येत नाही का, असं एकेक विचारत गेलं की खरं काय ते कळतं. ते शब्दश: लिहून ठेवा. कुणी कर्करोगाच्या उपचारांत असतं, कुणाची किडनी बदललेली असते आणि डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केलेली असते. अशा माणसाच्या दृष्टीने साथ अजून संपलेली नाही. त्याला ‘आता काही घाबरायचं नाही’ असं समजावत बसू नये.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्याचं २९वं कलम सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे. हे आकडे आणि कलमं समितीत कुणी ‘आपल्याकडे असं कुणी येतच नाही’ म्हणालं तर उपयोगी पडतात. येत नाही, कारण येता येत नाही. शिवाय गुडघे गेलेले, कान मंदावलेले कितीतरी ज्येष्ठ स्वत:ला दिव्यांग म्हणवत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी रांग असलं काही काढलं तर ते येणारच नाहीत. सोय सगळ्यांसाठी सरसकट असावी.

यादीतल्या एकाला किंवा एकीला समितीत घ्या. सत्कारासाठी नव्हे. तारीख, जागा आणि खर्च ठरवताना मत देण्यासाठी.

२. जागा: टेप घेऊन जा

‘आमच्याकडे रॅम्प आहे’ असं फोनवर सांगितलं जातं. जाऊन बघितलं तर तीन पायऱ्यांवर प्लायची फळी टाकलेली असते. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. हिशोब सोपा आहे. उताराचं प्रमाण १:१२ असावं. सहा इंचांची एक पायरी असेल तर उतार सहा फूट लांब हवा. तशा तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. तीन फूट उंच रंगमंचाला छत्तीस फूट लागतील आणि तेवढी जागा बहुतेक सभागृहांत नसते. मग सत्कार, मुलाखत, कवितावाचन खाली जमिनीवरच करावं. पाऊणशे वर्षांच्या कवीला दोघांनी दंडाला धरून वर चढवायचं आणि त्यावर टाळ्या वाजवायच्या, हे दृश्य आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. व्हीलचेअरसकट चौघांनी उचलणं हाही उपाय नव्हे. ते धोक्याचं आहे आणि खुर्चीत बसलेल्याला काय वाटतं हे कुणी विचारलेलं नसतं.

दार मोजा. ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन फूट असेल तर चाकांची खुर्ची आरामात जाते. दोन पानी दाराचं एकच पान उघडलेलं असतं, दुसऱ्याची कडी वर गंजलेली असते. ती आदल्या दिवशी उघडून बघा. उतार मागच्या बाजूला, भटारखान्याजवळ असेल तर निदान सगळ्यांनाच तिकडून आत घ्या. एकट्यालाच मागच्या दाराने आणणं वाईट.

स्वच्छतागृह स्वत: आत जाऊन बघा. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह आहे असं म्हणतात तिथे पुष्कळदा झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि किल्ली ज्याच्याकडे तो रविवारी सुट्टीवर. कमोड आहे का, पाणी आहे का, आतून कडी लागते का, दिवा आहे का? बायकांच्या बाजूला कचऱ्याचा डबा आहे का? हे एवढं धड असलं तरी दोन तासांच्या कार्यक्रमाला येणाऱ्या बायकांची संख्या वाढते, कारण ‘तिथे जायची पंचाईत होते’ हे न सांगितलं जाणारं कारण आहे.

हवेकडेही बघा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन:पुन्हा गार करतो, बाहेरची आत आणत नाही. दारं-खिडक्या बंद, एसी सुरू आणि ऐंशी माणसं अशी खोली तासाभरात कोंदते. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र विकत मिळतं. बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. आत ८००च्या खाली राहिला तर ठीक, हजाराच्या वर गेला की खिडक्या उघडायच्या. यंत्र नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या आधीपासूनच उघड्या ठेवा आणि एक्झॉस्ट पंखा चालतो का ते बघा. शाळेचं पटांगण, वाड्याचा चौक हे पर्याय थंडीत उत्तमच. गच्चीही चालेल, पण लिफ्ट तिथपर्यंत जात असेल तरच. टेबलावर काही एन-९५ मास्क ठेवा. ज्याने मास्क लावलाय त्याला ‘काय, अजून?’ असं हसत विचारू नये, हे स्वयंसेवकांना सांगून ठेवा.

जागेबद्दल आणखी एक, आणि ते टेपने मोजता येत नाही. आपल्या गावातली परवडणारी सभागृहं बघा: अमुक ज्ञातीचं कार्यालय, तमुक देवस्थानाचा हॉल, एखाद्या पतसंस्थेचं सभागृह. वर्षानुवर्षं तिथेच कार्यक्रम होतात आणि श्रोते वर्षानुवर्षं त्याच चार गल्ल्यांतले असतात. कुणी कुणाला अडवत नाही हे खरं. पण पाटीवरचं नाव वाचून ‘हे आपलं नाही’ असं वाटून परत फिरणाऱ्याला अडवायची गरजच नसते. यावर निमंत्रणात ‘सर्वांना आग्रहाचे आमंत्रण’ लिहून भागत नाही. जागाच फिरती ठेवावी लागते. एक कार्यक्रम नगरपालिकेच्या शाळेत, एक सार्वजनिक वाचनालयात, एक वस्तीतल्या समाजमंदिरात. आणि वस्तीत जाताना कलाकार नेहमीचेच घेऊन गेलात तर ती सहल झाली. तिथले शाहीर, तिथलं भजनी मंडळ, तिथली नाटकवाली पोरं यांना कार्यक्रम ठरवतानाच बरोबर घ्या. मानधनही इतरांइतकंच द्या.

३. वेळ: संपण्याचीही लिहा

कार्यक्रम कधी सुरू होणार यापेक्षा कधी संपणार हे पुष्कळांसाठी महत्त्वाचं असतं. शेवटची एसटी, घरी थांबलेली आया, इन्सुलिनची वेळ, मुलाची दुसऱ्या दिवशीची शाळा. रात्री साडेआठची मैफल रसिकांना प्रिय असते, मलाही आहे, पण ती ठरावीक लोकांचीच राहते. दोनांत एक कार्यक्रम रविवारी दुपारी चार ते सहा ठेवून बघा. वेगळे चेहरे दिसतात. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहेच.

सहाला संपेल म्हटलं की सहाला संपवायचं. वेळ खातात ती भाषणं, गाणं नव्हे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत, प्रायोजकांचं मनोगत आणि आभार, यात पाऊण तास सहज जातो. प्रास्ताविक आणि परिचय मिळून दहा मिनिटं, मनोगतं रद्द, आभार दोन मिनिटं. अध्यक्ष रागावतील, पण शेवटची एसटी त्यांच्यासाठी थांबत नाही. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी ठेवा. सलग दोन तास बसणं कित्येकांना जमत नाही.

४. निमंत्रण: इथेच निम्मं काम आहे

हल्ली निमंत्रण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र. जांभळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, कलाकाराचा फोटो, खाली बारीक अक्षरात पत्ता. ज्याला दिसत नाही त्याचा फोन ते चित्र उघडल्यावर ‘इमेज’ एवढंच बोलतो. चाळिशी पार केलेल्यांनाही तो पत्ता वाचायला बोटांनी मोठा करावा लागतो. चित्र पाठवा हवं तर, पण त्याखाली सगळा मजकूर टाइप केलेला असलाच पाहिजे.

छापील पत्रिकेची पीडीएफ पाठवत असाल तर एक चाचणी करा. तिच्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा. मराठीच उमटली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला वाचता येणाऱ्या अक्षरांत आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गचका उमटला तर डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखा जुना फॉन्ट वापरलाय, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर नेमका तोच गचका मोठ्याने वाचून दाखवणार.

मजकुरात काय असावं? नमुना देतो, तुमच्यापुरता बदलून घ्या:

‘रविवार, दुपारी ४ ते ६. बरोबर ६ला संपेल. मध्ये दहा मिनिटं चहा. सभागृह तळमजल्यावर आहे. दारात एक पायरी आहे, तिथे उतार लावलेला असेल. कमोड असलेलं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. अर्ध्या जागेत खुर्च्या, अर्ध्या जागेत भारतीय बैठक. सगळे माईकवरच बोलतील. खिडक्या उघड्या असतील, एसी नसेल. एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटं. रिक्षा दारापर्यंत येते. सोबत मदतनीस असेल तर त्यांना प्रवेशमूल्य नाही. लहान मुलं आलेली चालतील, मध्येच उठावं लागलं तरी चालेल. घरून पाहणाऱ्यांसाठी लिंक सकाळी याच गटावर येईल. आणखी काही हवं असेल तर गुरुवारपर्यंत या नंबरवर फोन किंवा मेसेज करा.’

लांबलचक वाटेल. पण यातली प्रत्येक ओळ कुणाचा तरी एक फोन वाचवते, आणि जो फोन करायला संकोचतो त्याला घरून बाहेर काढते. जे नाही तेही लिहा: ‘तीन पायऱ्या आहेत, उतार नाही.’ दारात पोचून परत जावं लागलेला माणूस पुन्हा येत नाही. आधी खरं सांगितलं तर तो पुढच्या वेळची वाट तरी बघतो. फोनबरोबर मेसेजचाही उल्लेख हवाच. ज्याला ऐकू येत नाही तो फोन कसा करणार?

५. बसणं

गाण्याची बैठक सतरंजीवरच रंगते, हे मान्य. पण साठीपुढच्या कित्येकांना खाली बसता येत नाही, आणि बसलंच तर उठता येत नाही. खुर्च्या सगळ्या शेवटी भिंतीला लावतात, म्हणजे ज्याला कमी ऐकू येतं आणि कमी दिसतं त्यालाच सर्वांत मागे. खुर्च्या दोन्ही बाजूंना, अगदी पुढपर्यंत लावा, मध्ये बैठक. व्हीलचेअरसाठी पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत, कडेला, एक-दोन खुर्च्या काढून जागा ठेवा. शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची हवी. नाहीतर नवरा पुढे आणि बायको पाचव्या रांगेत. मधली वाट तीन फुटांची ठेवा आणि कार्यक्रम सुरू झाल्यावरही तशीच राहील हे बघा. उशिरा येणारे तिथेच बस्तान मांडतात.

२२ ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रातली नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा एक आड एक खुर्ची सोडून बसायचे. तशी एक रांग आजही खिडकीजवळ ठेवायला काय हरकत आहे? ज्यांना अंतर हवंय ते बिनबोभाट तिथे बसतील.

आवाज, उजेड आणि गर्दी सहन न होणारी मुलं असतात, मोठी माणसंही असतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या आईने कार्यक्रमांना येणं का सोडलेलं असतं? एकदा मूल ओरडलं आणि चाळीस माना वळल्या, म्हणून. सुरुवातीलाच निवेदकाने सांगावं, ‘मुलं बोलली, फिरली तरी चालेल.’ शेजारची एखादी खोली मंद दिव्याची, शांत ठेवावी. ढोल-ताशा किंवा फटाक्यांसारखा आवाज येणार असेल तर आधी कल्पना द्यावी. नाटक असेल तर प्रेक्षागृहात मिट्ट काळोख न करता थोडा उजेड ठेवलेला एखादा प्रयोग करून बघा.

६. ऐकू येणं

माईक दिल्यावर ‘नको, माझा आवाज खणखणीत आहे’ म्हणून तो बाजूला सारणारा एक वक्ता प्रत्येक कार्यक्रमात निघतो. पाठोपाठ विचारतो, ‘मागे ऐकू येतंय ना?’ ज्याला ऐकू आलं नाही तो प्रश्नही ऐकत नाही, म्हणून सगळे ‘हो’ म्हणतात. श्रवणयंत्र लावणाऱ्याला तर जवळच्या खुर्चीची करकर आणि लांबचं भाषण एकाच पट्टीत येतं. नियम एकच: सगळे माईकवर. प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत माईक न्या, नाहीतर निवेदकाने प्रश्न पुन्हा म्हणावा. ऑनलाइन श्रोत्यांनाही तो त्यामुळेच कळतो.

कर्णबधिर श्रोते येणार असतील तर सांकेतिक भाषेचे दुभाषे लागतात. तास-दीड तासाच्या कार्यक्रमाला दोघे, कारण वीस-तीस मिनिटांनी बदलावं लागतं. हे काम डोक्याला आणि हातांना फार थकवणारं आहे. दुभाषा वक्त्याच्या शेजारी, उजेडात उभा हवा. कविता, संहिता, नावांची यादी त्याला चार दिवस आधी द्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दुभाष्यांचा अभ्यासक्रम चालतो. सुरुवातीची विचारणा तिथे करता येईल. दुभाष्यांचा खर्च झेपत नसेल तर संहिता मोठ्या अक्षरात पडद्यावर दाखवा. कवितावाचनाला हे अगदी सोपं आहे, आणि खरं सांगायचं तर ऐकू येणाऱ्यांनाही आवडतं. फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अ‍ॅप ऐकलेलं मराठी बोलणं लगेच अक्षरांत बऱ्यापैकी उतरवतं. गप्पांना चालतं, मालवणी किंवा वऱ्हाडी कवितेला अडखळतं.

अंध श्रोत्यांसाठी पैसे जवळजवळ लागतच नाहीत. निवेदकाने मंचावर कोण कुठे बसलंय, मागे काय लावलंय, हे तीन-चार वाक्यांत सांगावं. प्रत्येक वक्त्याने आधी आपलं नाव सांगावं. ‘हा फोटो बघा’ म्हणून गप्प न बसता फोटोत काय आहे ते बोलावं. नाटक असेल तर अर्धा तास आधी बोलावून नेपथ्याला, वेशभूषेला हात लावून बघू द्या. ती दिंडी दरवाजाची कडी, तो जरीचा शेला हाताला लागला की पुढचा प्रयोग नुसता आवाजांचा राहत नाही.

७. घरून पाहणारे

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. साथीमुळे ते मार्चमधून पुढे गेलं होतं. संमेलनाध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे तिथे येऊ शकले नाहीत, तरी ते अध्यक्ष होतेच. अध्यक्ष दूर राहून चालत असेल तर श्रोता का नाही?

फोन तिवईवर लावून ‘लाइव्ह’ दाबलं की झालं, असं मात्र नाही. सभागृहाच्या मागच्या टोकाला ठेवलेल्या फोनमध्ये पंखा, खोकला आणि खुर्च्या छान ऐकू येतात, गाणं सोडून. साउंडवाल्याला आधी सांगा की मिक्सरमधून एक वायर फोनला किंवा लॅपटॉपला हवी. त्यासाठी लागणारा छोटा जोड त्याच्याकडे बहुधा असतो. आणि झूमवर संगीत असेल तर सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करा. झूम माणसाच्या बोलण्यासाठी बनलंय. एकसारखा वाजणारा तानपुरा त्याला पंख्यासारखा गोंगाट वाटतो, म्हणून ते तो पुसून टाकतं आणि तबल्याची आस मध्येच तोडतं. सभागृहात गाणं रंगात आलेलं असतं आणि घरच्या श्रोत्याला गायक पाण्याखालून गातोय असं वाटत असतं. आदल्या दिवशी कुणालातरी घरी हेडफोन लावून बसवा आणि नुसता तानपुरा लावून विचारा, ऐकू येतो का.

आणखी काही अडचणी: झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो, आणि फोनवरून करायचं तर किमान ५० सदस्य लागतात. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हे कळून उपयोग नाही. चित्रपटगीतं असतील तर स्वामित्वाचा (कॉपीराइटचा) दावा येऊन चित्रफीत अडू शकते.

या श्रोत्यांसाठी एक कार्यकर्ता पूर्ण वेळ हवा, ज्याला दुसरं काहीही काम नाही, चहाचंही नाही. त्याने आलेल्यांचं नावाने स्वागत करायचं, आवाज गेला तर आत ओरडून सांगायचं, त्यांचे प्रश्न निवेदकाला द्यायचे. पहिला प्रश्न नेहमी पडद्यावरून घ्या, शेवटचा ठेवलात तर तो राहूनच जातो. त्यांना भागही घेऊ द्या: कविता वाचणं, एकट्याने गाणं, आठवण सांगणं. समूहगान किंवा आरती मात्र दोन्हीकडून एकत्र म्हणायला लावू नका. आवाज पोचायला वेळ लागतो, आणि त्या गोंधळात सगळेच हसत सुटतात.

कलाकाराला हे सगळं आधी सांगा. चित्रण कुठे जाणार, किती दिवस राहणार, त्याचं वेगळं मानधन किती, हे मेसेजवर का होईना लिखित घ्या. टाळेबंदीत ‘ऑनलाइनच आहे, फुकट करा ना’ हे कलाकारांनी पुष्कळ ऐकलंय.

८. मान कुणाचा

सोयी झाल्या तरी माणूस कार्यक्रमात परका राहू शकतो. सुवासिनींनी दीपप्रज्वलन करायचं, आलेल्या बायकांना दारात हळदीकुंकू लावायचं. कोरोनाने ज्यांचे नवरे नेले त्या बायका आपल्याच गल्लीत आहेत. त्यांनी त्या दारात काय करावं? मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ग्रामसभेत हे होऊ शकतं तर सोसायटीच्या कार्यक्रमात ठराव लागू नये. दारात सगळ्यांना फूल द्या, बाईला-पुरुषाला, सगळ्यांना. ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ पत्रिकेतून काढा, नुसतं नाव छापा.

‘आपल्याकडे पहिल्यापासून असंच चालतं’ असं कुणीतरी म्हणेलच. २०२०च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आली होती आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच न बसवता आरोग्योत्सव केला होता, याची त्यांना शांतपणे आठवण करून द्यावी.

निवेदकालाही बसवून दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कुणाच्या बोलण्याची ढब ऐकून ‘वा, कुठल्या गावचे?’ असा जाहीर प्रश्न नको. व्हीलचेअरवरच्या कलाकाराची ओळख ‘परिस्थितीवर मात करून’ अशी नको. तो काय गातो, कुणाकडे शिकला, ते सांगा. इतरांचं तसंच सांगता ना.

९. पैसे

उतार भाड्याने, एक जास्तीचा माईक, इंटरनेटसाठी डोंगल, दुभाष्यांचं मानधन: हे सगळं ‘उरले तर करू’ या खात्यात गेलं की कधीच होत नाही. अंदाजपत्रकात हारतुरे आणि शालींच्या वर लिहा. खरं तर शाली बंद केल्या तर निम्मा खर्च तिथेच निघतो, आणि ज्याला बाराव्यांदा शाल मिळते त्याची सुटका होते ती वेगळीच. प्रवेशमूल्य असेल तर ‘जमेल तेवढं’ असं पाकीट ठेवा, पेटी टेबलावर उघड्यावर नको, कोपऱ्यात ठेवा. कुणी किती टाकले हे कुणालाच दिसू नये.

१०. दुसऱ्या दिवशी

सोमवारी ती पहिली यादी पुन्हा काढा. जे आले त्यांना विचारा, ‘कुठे अडलं?’ ‘छान झालं’ हे उत्तर नव्हे. घरून निघून परत घरी पोचेपर्यंतचं क्रमाने विचारलं की रिक्षा मिळाली नाही, उताराच्या टोकाला उंचवटा होता, शेवटी टाळ्यांच्या वेळी ऑनलाइन आवाज गेला, असं निघत जातं. जे आले नाहीत त्यांनाही फोन करा, तक्रारीच्या सुरात नव्हे, चित्रणाची लिंक द्यायला. दोन्ही याद्या वहीत उतरवून, ज्या अडचणी निघाल्या त्यांच्यासमोर कुणी काय करायचं ते नाव घालून लिहा, आणि ती वही पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरवायच्या बैठकीला घेऊन या.